हा ठसा बिबट्याचा की कुत्र्याचा? ट्रेकच्या वाटेवर दिसणाऱ्या पाऊलखुणा ओळखायच्या कशा?

पावसाळा सरत आला की ट्रेकच्या, सोसायटीच्या किंवा गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. ओल्या मातीत उमटलेला ठसा, शेजारी कुणाची तरी चप्पल आणि खाली मेसेज : 'आपल्या भागात बिबट्या आलाय, मुलांना बाहेर सोडू नका.' तासाभरात तो फोटो चार तालुके फिरून येतो. कुठल्या गावचा, कधीचा, कुणी काढला, हे कुणालाच माहीत नसतं. वनविभागाचे कर्मचारी जागेवर जाऊन पाहतात आणि अनेकदा उत्तर येतं, 'अहो, हा कुत्र्याचा पाय आहे.'

याची उलटी बाजू जास्त गंभीर आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या उसाच्या पट्ट्यात बिबट्या ही अफवा नाही, शेजारी आहे. तिथे शेतपंपाची वीज रात्री आली की माणसं अंधारात पाणी द्यायला बांधावर जातात. अशा ठिकाणी खऱ्या ठशाकडे 'असेल एखादं कुत्रं' म्हणून काणाडोळा करणं महागात पडू शकतं. त्यामुळे हा फरक ट्रेकरनेही शिकून ठेवावा. अवघड नाही, फक्त एकाच खुणेवर उडी मारायची नाही.

नखं दिसली तर कुत्रा, नाहीतर मांजर?

सगळ्यांत प्रसिद्ध नियम हाच आहे आणि तो बऱ्यापैकी खराही आहे. वाघ, बिबट्या, रानमांजर आणि आपल्या घरातली मनी ही सगळी मार्जार कुळातली मंडळी चालताना नखं आत ओढून घेतात. झाडावर चढायला, शिकार धरायला लागणारी ही हत्यारं जमिनीवर घासून बोथट होऊ नयेत म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांना ती सोय नाही. त्यांची नखं कायम बाहेर असतात आणि बोटांच्या पुढे टिंबांसारखी उमटतात.

पण वाट कडक असेल तर कुत्र्याची नखं उमटतच नाहीत. उलट चिखलाच्या उतारावर घसरू नये म्हणून बिबट्याही नखं रोवतो. म्हणजे नखांवरून अंदाज बांधायचा, निकाल द्यायचा नाही. निकालासाठी बोटांच्या मागच्या मोठ्या गादीकडे बघा.

गादी म्हणजे तळव्याचा तो मऊ, मोठा उंचवटा. मार्जार कुळातल्या प्राण्यांची गादी ठशाच्या मानाने मोठी, रुंद असते आणि तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात, शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन लाडवांसारखे. कुत्र्याची गादी लहान आणि त्रिकोणी असते, मागे मध्यभागी आत गेलेली. ठसा स्वच्छ उमटला असेल तर केवळ या तीन फुगवट्यांवरून बिबट्या आणि कुत्रा वेगळे करता येतात.

दुसरी युक्ती फुलीची. बोटं आणि गादी यांच्या मधल्या रिकाम्या जागेतून मनातल्या मनात एक फुली मारा. कुत्र्याच्या ठशात ती गादीला धक्का न लावता आरामात बसते, कारण त्याची बोटं आणि गादी यांच्यात मोकळी जागा असते. बिबट्याच्या ठशात फुलीची रेघ गादीला कापत जाते.

तिसरी खूण माझ्या सगळ्यांत आवडीची आहे, कारण तिच्यासाठी स्वतःचा हात पुरतो. डावा हात जमिनीवर पालथा ठेवा आणि अंगठा दुमडून घ्या. आता उरलेल्या चार बोटांकडे बघा. मधलं बोट सगळ्यांत पुढे आहे, करंगळी सगळ्यांत मागे. चारही बोटं एका वाकड्या रेषेत आहेत, दोन्ही बाजू सारख्या नाहीत. बिबट्याच्या पायाची बोटंही अशीच तिरकी असतात. त्याच्या पुढच्या पंजालाही खरं तर पाच बोटं असतात, पण अंगठा वर राहतो आणि जमिनीला टेकत नाही. ठशातलं सगळ्यांत पुढचं बोट तुमच्या डाव्या हाताशी जुळत असेल तर तो डावा पाय, उजव्या हाताशी जुळत असेल तर उजवा. कुत्र्याच्या ठशात मात्र मधली दोन बोटं एकाच रेषेत पुढे असतात. ठशाचा कागद मधोमध दुमडला तर दोन्ही अर्ध जवळपास एकमेकांवर बसतील. तो डावा की उजवा हे नुसतं बघून सांगणं कठीण.

एकूण आकार बघायचा तर मांजराचा ठसा गोलसर आणि कुत्र्याचा लांबट. तीनही खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर तुमचा अंदाज बहुतेक बरोबर आहे.

किती मोठा म्हणजे बिबट्या?

फोटोत चप्पल ठेवली की मापाचं काही कळत नाही, कारण चप्पल पाच नंबरची की दहा नंबरची हे बघणाऱ्याला ठाऊक नसतं. त्यापेक्षा खिशातलं एटीएम कार्ड काढा. जगभर त्याचं माप एकच : ८.५६ सेंटिमीटर लांब, ५.४ सेंटिमीटर रुंद. (नंबर असलेली बाजू खाली ठेवा, नाहीतर बिबट्यापेक्षा मोठं संकट यायचं.) कार्ड नसेल तर दहा रुपयांचं दोन रंगी नाणं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर.

पूर्ण वाढलेल्या बिबट्याच्या पुढच्या पायाचा ठसा साधारण ७ ते ९ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे कार्डाच्या लांबीच्या आसपास. मागचा पाय थोडा लहान आणि लांबट. वाघाचा ठसा साधारण १२ सेंटिमीटरच्या पुढे जातो, तो कार्डाच्या बाहेर दोन्हीकडे ओसंडतो. आणि गोल, बिननखांचा ठसा कार्डाच्या अरुंद बाजूपेक्षाही लहान असेल तर तो बाऊल म्हणजे रानमांजराचा, वाघाटीचा किंवा जवळच्या वाडीतल्या बोक्याचा असू शकतो.

वाघाटीचं नाव आलंच आहे तर एक सांगायला हवं. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी ती एक. ऊसतोडणीच्या वेळी तिची पिल्लं फडात सापडतात आणि 'बिबट्याचे बछडे' म्हणून त्यांचे फोटो फिरतात. बिचारी मोठी होऊनही घरच्या मांजराएवढी होत नाहीत.

मापात आणखी दोन गोष्टी गोंधळ घालतात. एक म्हणजे चिखल. ओल्या मातीत पाय रुततो, कडा बाहेर पसरतात आणि ठसा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. मग ऊन पडलं, माती सुकली की तो आणखी फाकतो. म्हणून ठशाच्या वरच्या कडेवर नाही, तळाच्या सपाट भागावर माप धरावं. दुसरी गोष्ट म्हणजे वय. वाघाच्या बछड्याचा ठसा बिबट्याएवढा असतो. पण बछडं एकटं हिंडत नाही. आजूबाजूला आईचे मोठे ठसे दिसतातच.

वाघाचा असू शकतो का?

इथे ठशाआधी नकाशा बघा. राजमाची, भीमाशंकर, हरिश्चंद्रगड, नाणेघाट या वाटांवर वाघांचा कायमचा वावर नाही. तिथे 'वाघाचे ठसे' म्हणून जे दाखवलं जातं तो बहुतेक वेळा चिखलात फाकलेला बिबट्याचा पुढचा पाय असतो. त्यात गावाकडे बिबट्यालाही सर्रास 'वाघ' म्हणतात, त्यामुळे गावकऱ्याने सांगितलं एक आणि शहरातल्या पोराने पोस्ट केलं भलतंच, असंही होतं. कोयना, चांदोली, राधानगरी, तिलारी या दक्षिणेकडच्या पट्ट्यात मात्र वाघ ही खरी शक्यता आहे. चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला तो त्यामुळेच. विदर्भात तर प्रश्नच नाही.

पण वाघ चालतो, आणि खूप चालतो. यवतमाळच्या टिपेश्वरमध्ये जन्मलेला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेतं, रस्ते, गावं ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याचं एकूण चालणं ३,००० किलोमीटरच्या आसपास भरलं. म्हणून 'इथे वाघ असणं शक्यच नाही' हे वाक्यही जपून वापरावं.

कुत्र्यासारखा, पण कुत्रा नाही

नखं दिसली, ठसा लांबट आहे, म्हणजे कुत्राच असं नाही. कोल्हा, खोकड, लांडगा, कोळसून (म्हणजे रानकुत्रा) आणि तरस हे सगळे या गटात येतात. यातला तरस लोकांना सगळ्यांत जास्त चकवतो. त्याला नखं आहेत, चार बोटं आहेत, पण तो कुत्र्यांच्या कुळातला नाही. नात्याने तो मांजर आणि मुंगसाकडच्या फांदीवर बसतो. ओळखायची खूण म्हणजे त्याचे पुढचे आणि मागचे पाय. पुढचा ठसा मागच्यापेक्षा डोळ्यात भरेल इतका मोठा असतो. तरसाचं शरीरच पुढे भारदस्त आणि मागे उतरतं आहे, त्याचं वजन पुढच्या पायांवर पडतं. बोटंही एकमेकांना चिकटून, दाटीवाटीने उमटतात.

तरस दुर्मीळ असेल असं वाटत असेल तर अकोल्याचं (अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं नाही) उदाहरण बघा. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शेतीच्या भागात कॅमेरे लावले. जंगल नाही, दाट वस्ती, चहूकडे ऊस. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले आणि जवळपास तितकेच तरस. म्हणजे अशा भागातल्या बांधावर सकाळी दिसलेला मोठा, नखांचा ठसा तरसाचा असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त आहे.

लांडगा आणि मोठा गावठी कुत्रा हे मात्र एका ठशावरून वेगळे करणं जाणकारांनाही जड जातं. इथे एक ठसा सोडून सगळी वाट बघायची. जंगली प्राणी उगाच ऊर्जा खर्च करत नाही. त्याच्या पावलांची रांग सरळ जाते, मागचा पाय बऱ्याचदा पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याला लागून पडतो. गावातलं कुत्रं इकडे हुंगतं, तिकडे वळतं, पुन्हा मागे येतं, झुडपापाशी थांबतं. त्याच्या वाटेचा नकाशा म्हणजे पोराने गिरवलेली रेघोट्यांची पाटी. शेजारी माणसाच्या चपलांचे ठसे त्याच दिशेने जात असतील तर गुराखी आणि त्याचा मोती, इतका सरळ हिशेब असतो.

नावांचाही एक घोळ इथेच निस्तरू. शाळेच्या गोष्टींत इंग्रजीतून आलेला तो लबाड प्राणी आपण 'कोल्हा' म्हणून वाचला, पण आपला कोल्हा वेगळा, आणि गोष्टीतल्या त्या प्राण्याचा माळरानावरचा भाऊबंद म्हणजे खोकड. खोकडाचा ठसा कोल्ह्याहून लहान आणि नाजूक, घरच्या मांजराच्या ठशाएवढाच, फक्त नखांसह.

खुरांची भाषा

सह्याद्रीत तुम्हाला सगळ्यांत जास्त ठसे खुरांचे दिसणार. दोन भागांत चिरलेला, पुढे निमुळता, पानासारखा ठसा. मोठा, सात-आठ सेंटिमीटरचा आणि टोकदार असेल तर सांबर. तसाच पण तीन-चार सेंटिमीटरचा असेल तर भेकर. नखाएवढा असेल, वाकून बघावा लागला असेल, तर पिसोरी, आणि मग तुमचं नशीब चांगलं आहे. शेळीचा खूर याच मापाच्या आसपास असतो पण त्याची टोकं बोथट असतात, आणि शेळ्या एकट्यादुकट्या जात नाहीत. सगळी वाट तुडवलेली आणि लेंड्यांनी भरलेली असते.

रानडुक्कर ओळखायला सोपं. खुराच्या मागे दोन बाजूंना दोन वेगळी टिंबं उमटतात, कारण त्याची मागची उपनखं खाली आणि बाहेरच्या बाजूला असतात. शिवाय आसपासची जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असते. त्यामुळे खरं तर ठसा बघायची गरजच पडत नाही.

गवा मात्र फसवतो. इतकं अवाढव्य जनावर, पण खूर गावातल्या गुरांसारखाच. दाजीपूरला किंवा वासोट्याच्या वाटेवर तो गव्याचा असेल, लोहगडाच्या पायथ्याला बहुधा कुणाच्या तरी बैलाचा. शेणाकडे आणि आसपास गुराख्याची पावलं आहेत का याकडे बघून ठरवा.

दोडामार्ग, तिलारी किंवा चंदगड, आजऱ्याकडे फिरणार असाल तर हत्तीचे ठसेही दिसू शकतात. कर्नाटकातून आलेल्या हत्तींचा या भागात दोन दशकांहून जास्त काळ वावर आहे. ताटाएवढा गोल ठसा ओळखायला काही शिकावं लागत नाही, पण त्यातून एक गंमत कळते : पुढच्या पायाच्या ठशाचा घेर मोजून दुप्पट केला की हत्तीची खांद्यापाशी उंची जवळपास मिळते. मोजत बसण्याआधी हत्ती लांब गेलाय ना, एवढं मात्र बघा.

अनवाणी माणूस की अस्वल?

पाच बोटं, लांब तळवा, टाच. कोयना-चांदोलीत किंवा मेळघाटात असा ठसा बघून पहिल्यांदा वाटतं की कुणीतरी अनवाणी गेलंय. नीट बघा. बोटं जवळपास एका सरळ ओळीत आहेत आणि त्यांच्या पुढे, थोडं अंतर सोडून, लांब नखांच्या खुणा आहेत. हे अस्वल. मागचा पायच माणसासारखा दिसतो, पुढच्याची फक्त रुंद गादी उमटते. जवळ फोडलेलं वारूळ असेल तर शंका उरत नाही. माझ्या मते ट्रेकरने बिबट्यापेक्षा या ठशाला जास्त घाबरावं. बिबट्या माणसाची चाहूल लागली की बहुतेक वेळा वाट सोडतो. अस्वल खाण्यात गुंग असतं, त्याला तुम्ही जवळ येईपर्यंत कळत नाही आणि दचकलं की ते पळण्याऐवजी अंगावर येऊ शकतं.

बाकीचे पटापट. सशाचे मागचे लांब पाय पुढे आणि पुढचे छोटे पाय मागे उमटतात, कारण तो उड्या मारतो. घोरपडीच्या पावलांच्या मधून शेपटीची नागमोडी रेघ जाते. साळिंदर ठशांपेक्षा गळालेल्या काट्यांवरून लवकर कळतं. उदमांजर आणि मुंगूस दोघांच्या ठशात पाच बोटं असू शकतात, त्यामुळे पाचवं बोट दिसलं तर बिबट्याचं पिल्लू समजून घाबरू नका. वानराचा हात हा वानराचा हात दिसतो.

ठसा ताजा आहे का?

प्राणी कोणता यापेक्षा हा प्रश्न कधी कधी जास्त महत्त्वाचा. ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात, आतली माती बाहेरच्यापेक्षा ओली आणि गडद दिसते. वेळ गेला की कडा ढासळतात, आत वाळलेली पानं, धूळ पडते. रात्री दव पडलं असेल आणि ठशाच्या आत दवाचे बारीक खळगे दिसत असतील तर प्राणी दवाच्या आधी गेला. ठशावरून मुंग्या किंवा किडे चालून गेल्याच्या रेघा असतील तरीही तो मघाचा नाही. आणि काल संध्याकाळी तुमच्याच ग्रुपच्या बुटांनी उमटवलेल्या खुणेवर बिबट्याचा पाय पडलेला असेल, तर वेळ आपोआप ठरली.

प्राण्यांचे ठसे आपल्याच पायवाटांवर का सापडतात, असं बरेच जण विचारतात. साधं उत्तर आहे : त्यांनाही काट्याकुट्यांतून चालायला आवडत नाही. मऊ मातीची, मोकळी वाट त्यांच्याही पायाला बरी. दिवसा आपण, रात्री ते. ठसा दिसला म्हणजे प्राणी तुमच्या मागावर आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

एकेकाळी देशातले वाघ असेच मोजायचे

ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६० च्या दशकात ठशांवरून वाघ मोजायची पद्धत बसवली. ठशावर काच ठेवून त्याची बाह्यरेषा काढायची, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखायचा. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ मोजले गेले ते या पद्धतीने. पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला.

अडचण तीच, जी तुमच्या व्हॉट्सअॅप फोटोत आहे. एकाच वाघाचा ठसा वाळूत वेगळा, चिखलात वेगळा, पळताना वेगळा. एक वाघ दोनदा मोजला जाऊ शकत होता. २००५ मध्ये राजस्थानच्या सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तोवर कागदावर तिथे वाघ होतेच. त्यानंतर २००६ पासून कॅमेरा ट्रॅपवर आधारित गणना सुरू झाली आणि वाघांचा अंदाज १,४११ वर आला. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे असतात आणि ते चिखलात फाकत नाहीत. आता वनरक्षक ठसे नोंदवतात ते 'इथे वाघ आहे का' हे बघायला, 'किती आहेत' हे ठरवायला नाही. त्यामुळे कुणी एका ठशावरून 'हा चार वर्षांचा नर आहे' असं छातीठोकपणे सांगितलं तर हसून मान डोलवा आणि पुढे चला.

ताजा ठसा दिसला तर काय करायचं?

ठशांचा माग काढत आत जायचं नाही. विशेषतः मोठ्या ठशांबरोबर लहान ठसे असतील तर अजिबात नाही, कारण पिल्लांसोबतची मादी सर्वांत धोक्याची. एकत्र राहा, गप्पा मारत चला, लहान मुलांना मध्ये घ्या. पहाटे आणि संध्याकाळनंतर एकट्याने शौचासाठी झाडीत जाणं टाळा. वाकलेला, बसलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही. वानरं एकाएकी खाकरल्यासारखी ओरडू लागली किंवा भेकर भुंकायला लागलं तर त्या दिशेला जाऊ नका. फोटोसाठी तर नकोच.

फोटो ठशाचा काढा. बरोबर वरून, मोबाईल जमिनीला समांतर धरून, शेजारी कार्ड किंवा नाणं ठेवून. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन असेल तर कडा स्पष्ट येतात. दुपारी डोक्यावरच्या उन्हात ठसा सपाट दिसतो, तेव्हा मित्राला एका बाजूने सावली धरायला सांगा आणि दुसऱ्या बाजूने टॉर्च मारा. एकच ठसा नको, पाच-सहा पावलांची रांग दिसेल असा दुसरा फोटोही घ्या. एकटा ठसा बघून भल्याभल्यांची चूक होते.

आणि मग तो टाकायचा कुठे? दुर्मीळ प्राण्याच्या ठशाचा फोटो नेमक्या जागेसह इन्स्टाग्रामवर टाकणं म्हणजे शिकाऱ्याला फुकटात पत्ता देणं. जंगलातला ठसा असेल तर जिल्ह्याचं नाव पुरे. वस्तीजवळ, शेताजवळ ठसा दिसला असेल तर ग्रुपवर टाकायच्या आधी राज्याच्या वनविभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' या १९२६ क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवा. जागा, वेळ आणि मापासह फोटो, इतकं त्यांना पुरतं. ठशाभोवती गर्दी होऊ देऊ नका आणि पाऊस येण्याची चिन्हं असतील तर त्यावर पालथी पाटी किंवा घमेलं झाकून ठेवा, म्हणजे वनरक्षक येईपर्यंत बघायला काहीतरी शिल्लक राहील.